पाचव्या कडव्याचा हुंकार

१९९९ सालच्या जानेवारीतला दुसरा रविवार. स्थळ जळगावातलं कॉम्प्युटरचं एक दुकान. रक्कम रुपये एकेचाळीस हजार, टेबल वेगळं. हजर मी, माझी बायको, दुकानदार आणि नाना. पहिल्या तिघांचं तिथे काम होतं. नाना तिथल्याच एस. टी. स्टँडवर भेटले, कुठे निघालात म्हणून विचारलं आणि आमच्या मागोमाग दुकानात शिरले.

दुकानदार मला मेमरी, डिस्क, वॉरंटी असं समजावून सांगत होता आणि मी मान डोलावत होतो. ती मान मला सगळं कळत असल्यासारखी डोलत होती, असं बायको अजून सांगते. नानांनी मात्र एकच प्रश्न विचारला.

"हे गातं का?"

गातं, असं दुकानदार म्हणाला आणि त्याने काहीतरी वाजवून दाखवलं. नानांनी डोळे मिटले, बोटांवर काही मोजलं आणि मला म्हणाले, "घे भाऊ. तालात शे."

नानांचं नाव मी इथे देत नाही. धुळ्याच्या आमच्या सरकारी कार्यालयात त्यांना कोणीच नावाने हाक मारत नसे. ते आवक-जावकच्या टेबलावर बसत आणि मी लेखा शाखेत. ऑफिसात ते अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण माणूस आवडला किंवा त्याचा राग आला की सोनगीरकडची अहिराणी सुरू होई, 'आहे'चं 'शे' होई. माझ्याशी ते बहुतेक वेळा अहिराणीतच बोलत. दोन्हींपैकी कोणत्या कारणाने, हे मी कधी विचारलं नाही.

नाना मंगलाष्टकं रचत. ऑफिसातल्या कोणाच्याही घरी लग्न ठरलं की नानांकडे पत्रिका द्यायची ती आमंत्रण म्हणून नव्हे, कच्चा माल म्हणून. नवरा-नवरीची नावं, दोन्ही गावं, आजोळ, असेल तर विहीर, हे सगळं ते शार्दूलविक्रीडितात बसवत. ओळीत एकोणीस अक्षरं, ना अठरा ना वीस. मला कविता कळत नाही, पण हा हिशेब मला पहिल्या दिवसापासून पटला होता. नाव वृत्तात बसलं नाही तर नाना चिडत. आमच्या शिपायाच्या जावयाचं नाव मधुकर होतं. नाना त्याला म्हणाले होते, हे नाव नुसतं बसत नाही, 'मधुकरा' अशी हाक मारली तरच बसतं आणि तेही बाराव्या अक्षरावर संपवलं तर. बारशाला बोलावलं की ते पाळण्याजवळ जाऊन आईवडिलांना बजावत, "नाव ठेवताना लग्नाचा विचार करा."

मोबदला सव्वा रुपया. त्याहून जास्त घेत नसत आणि कमीही नाही. एका कंत्राटदाराने शंभराची नोट पुढे केली तेव्हा त्यांनी सुट्टे मागितले. मग तो सव्वा रुपया मांडवातच नवरीच्या हातावर ठेवून म्हणत, "कमाई माझी, सासरची सुरुवात तुझी." आणि जेवायला बसत.

दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नात नानांचा आवाज कधी हलला नाही. स्वतःच्या थोरलीच्या लग्नात मात्र दुसऱ्याच कडव्याला गळा भरून आला तो सुटेचना. भटजींनी माइक हातात घेऊन नेहमीची मंगलाष्टकं म्हणून टाकली. रात्रंदिवस खपून केलेल्या चार कडव्यांतली तीन नानांच्या खिशात राहिली. थोरली दर दिवाळीला येई आणि फराळ करताना म्हणे, "नाना, बठ्ठ्या गावनं लगीन तुम्ही लावं, मन्हं तेवढं भटजीनी लावं." सगळ्या गावाची लग्नं तुम्ही लावलीत, माझं तेवढं भटजींनी, असं ती हसत म्हणे, पण नाना उठून बाहेर जात.

आता मे महिन्यात धाकटीचं लग्न होतं. नानांनी पाच कडवी रचली होती आणि यावेळी भटजींच्या हाती माइक जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. गळा भरून येणार याचीही त्यांना तितकीच खात्री होती. म्हणून आवाज आधीच भरून ठेवायचा आणि मांडवात वाजवायचा. कॅसेटवर त्यांचा विश्वास नव्हता. जनरेटर जोर धरतो तशी कॅसेट धावते, सोडतो तशी रेंगाळते. मग एकोणीस अक्षरांचं काय होतं ते त्यांनी एका लग्नात ऐकलं होतं.

इथे मी मध्ये पडलो. एकेचाळीस हजारांच्या त्या वस्तूचा घरात तोपर्यंत झालेला उपयोग म्हणजे तिच्यावर घालायला बायकोने पडद्याच्या उरलेल्या कापडाचे चार अभ्रे शिवले होते, त्यातला एक माउसचा. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायची मी बंदी केली होती. पाहुणे आले की बायको त्यांना दार उघडून तो दाखवी आणि पुन्हा दार लावून घेई. तेव्हा मी नानांना ऐटीत म्हणालो, "कॅसेट कशाला? कॉम्प्युटरवर घेऊ. त्यात सेकंदाचा फरक पडायचा नाही."

एप्रिलच्या एका दुपारी नाना आमच्याकडे आले. कूलर बंद केला, खिडक्या लावल्या, माइक जोडला. चार कडवी एका दमात झाली. पाचवं अडलं. त्याच्या शेवटच्या दोन ओळी अशा होत्या:

बाळे, सोनगिरीतली सरत ना माया घराची कधी,
जाताना वळुनी जरा बघ मला, कुर्यात् सदा मंगलम्.

'जाताना वळुनी'पर्यंत नाना यायचे आणि तिथे आवाज चिरकायचा. पुन्हा पाणी, पुन्हा सुरुवात. मी पडद्याकडे बघत होतो. चौथ्या की पाचव्या खेपेला, ते नेमके त्या ओळीशी आले असताना, मी म्हणालो, "नाना, जरा आटपा, डिस्कवर जागा खातंय." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे सरकवली. आणि माझ्यावर डोळे रोखूनच त्यांनी ती ओळ खणखणीत म्हटली, शेवटपर्यंत. आवाज कुठे हलला नाही. माझं वाक्य ओळीच्या आधी आलं होतं म्हणून रेकॉर्डिंगमधून ते कापून टाकता आलं.

खरी भानगड नंतर सुरू झाली. आम्ही ऐकायला बसलो. मी वाजवायचं बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे पडदा बंद केला. गाणं कानाने ऐकायचं असतं, त्याला पडद्याची वीज कशाला जाळायची, असा माझा शिरस्ता होता. नानांनी डोळे मिटले. बायको हात जोडून बसली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याच्या आरंभी नानांचा आवाज उचकी लागल्यासारखा तुटू लागला. एक अक्षर वाजे, दोन गिळली जात, मग एकच अक्षर चार वेळा. मी घाईने पडदा लावून माउस हलवला, तर आवाज सुरळीत. हात काढला, पडदा बंद केला, बसलो, की थोड्या वेळाने पुन्हा उचकी.

"तुन्हं यंत्र अक्षरं खास," नाना म्हणाले. यंत्र अक्षरं खातं, असं त्यांचं निदान होतं.

मी निदानं केली ती अशी. व्होल्टेज कमी असेल, म्हणून फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून कॉम्प्युटरला लावला. फ्रिजमधलं दूध नासलं. अर्थिंग कोरडं असेल, म्हणून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. नळाला दोन दिवसांआड पाणी येत होतं आणि ती बादली बायकोने भरून ठेवलेली होती. त्या दिवशीचं आमचं बोलणं इथे देत नाही. मग धूळ. रंगाचा नवा ब्रश आणून डबा उघडून आतून झाडला. झाडताना मी इतका जपून श्वास घेत होतो की बायकोने विचारलं, "अहो, ऑपरेशन संपलं की सांगा, पेशंटला चहा देऊ."

शेवटी डबा रजईत गुंडाळून एस. टी.ने जळगावला नेला. माझ्या मांडीवर तो आणि शेजारी नाना. दुकानदाराने त्याला आपला पडदा जोडला, माउसवर हात ठेवला आणि पाचही कडवी वाजवली. एक अक्षर अडलं नाही. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने तर नानांना पत्ता विचारला, मुलीसाठी. दुकानदार म्हणाला, साहेब, मशीन फर्स्ट क्लास आहे, तुमच्या घरच्या लायनीत काहीतरी आहे. आम्ही परत आलो, जोडलं, पडदा बंद करून ऐकायला बसलो. दुसऱ्या कडव्याला उचकी.

"जळगावनं शे," नाना म्हणाले. "माहेरी बरं वागस."

लग्नाला आठ दिवस उरले होते. भटजींना कळवून टाकू का, असं मी हळूच विचारलं. टेबलाशी बसून नाना पुन्हा ऐकू लागले आणि ऐकता ऐकता हाताने ताल धरू लागले. टेबल माझ्या निवडीचं होतं, म्हणजे स्वस्त होतं, ते सगळंच्या सगळं, माउससकट हलत होतं. आणि पाचही कडवी धडधडीत वाजली. एकही अक्षर गेलं नाही.

नानांनी हात थांबवला. पुन्हा लावायला सांगितलं, यावेळी हात मांडीवर. दुसऱ्या कडव्याला उचकी. टेबलावर ताल धरला, उचकी गेली.

त्यांचा चेहरा उजळला. "हुंकार," ते म्हणाले. "याला हुंकार लागस."

नानांच्या लहानपणी सोनगीरला कोणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांपैकी एकाने दर वाक्याला 'हूं' म्हणायचं असे. तो झोपला की सांगणारा गोष्ट मध्येच सोडून उठून जाई. यंत्राचंही तसंच आहे, असं नानांचं म्हणणं पडलं. आपण डोळे मिटून, हात जोडून बसतो, त्याला वाटतं सगळे झोपले. कोणीतरी जागं आहे हे त्याला सतत कळायला हवं. माउस हलवत राहणं म्हणजे हुंकार देणं.

मला हे हास्यास्पद वाटलं. पण माझ्या निदानांपायी दूध नासलं होतं आणि पाणी गेलं होतं, नानांच्या निदानाने मंगलाष्टकं वाजली होती. मी माउस हातात घेतला.

खरं कारण मला लग्नानंतर पंधरा दिवसांनी कळलं, पण ते इथेच सांगतो. दुकानदाराने घेतानाच सांगितलं होतं की पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं तर काच भाजते, म्हणून स्क्रीन सेव्हर ठेवा, कोणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप हलतं चित्र येतं. किती वेळाने यावं हे आपण ठरवायचं. लोक दहा-पंधरा मिनिटं ठेवतात. मी एक मिनिट ठेवलं होतं. काच माझी होती. चित्र होतं रंगीत नळांचं, एकाला एक जोडत सगळ्या पडद्यावर पसरणारं. बायको ते पहिल्यांदा पाहून म्हणाली होती, "यात पाणी कधी येतं?" आमच्या कॉम्प्युटरला ते नळ जोडता जोडता दुसरं काही काम जमत नसे, नळ सुरू झाले की आवाज तुटे. माउस हलला की नळ जात आणि आवाज परत येई. पण ऐकताना मी वीज वाचवायला पडदाच बंद करायचो, त्यामुळे बंद काचेमागे नळ जोडले जाताहेत हे आम्हाला दिसायचं कसं? पुढे बायको पडदा चालू ठेवून भाजी निवडत ऐकत होती, तेव्हा म्हणाली, "अहो, नळ आले की नाना अडखळतात." म्हणजे काच वाचवायची एक काटकसर आणि वीज वाचवायची दुसरी, या दोघींनी मिळून एका माणसाच्या मुलीचं लग्न धरून ठेवलं होतं.

लग्नाच्या दिवशी मात्र आमच्याकडे फक्त नानांचा हुंकार होता. कॉम्प्युटर जीपने सोनगीरला नेला. पडदा माझ्या मांडीवर, डबा बायकोच्या. मांडवात भटजींच्या डाव्या अंगाला टेबल मांडलं. जनरेटरवाल्याने लोड कमी करा म्हणून सांगितलं, म्हणून सुरुवात करून देऊन मी पडदा बंद केला. लाउडस्पीकरची पिन सैल होती, ती डाव्या हाताने दाबून धरली. उजवा हात माउसवर. नाना निघताना एवढंच म्हणाले, "भाऊ, हुंकार सोडू नको."

संध्याकाळचा मुहूर्त. अंतरपाट धरला. नाना धाकटीच्या मागे उभे, नवा फेटा, ओठ घट्ट मिटलेले. आणि कर्ण्यातून त्यांचाच आवाज आला. पहिलं कडवं. सगळा मांडव 'शुभमंगल सावधान' म्हणाला आणि अक्षता उडाल्या. मी माउस गोल गोल फिरवत होतो. दुसरं. उचकी नाही. थोरली पहिल्या रांगेत होती, तिने वडिलांकडे पाहिलं. तिसरं, चौथं. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत येत होता आणि पुसायला हात नव्हता.

माझ्या मागे एक म्हाताऱ्या अक्का उभ्या होत्या. चारही वेळा मी अक्षता टाकल्या नाहीत हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. चौथ्यानंतर त्यांनी मला ढोसलं. "भाऊ, पोरनं लगीन शे. तांदूय टाक ना. हात काय मोडनात?" आणि मूठभर अक्षता पुढे केल्या.

अक्षता डाव्या हातात घेत नाहीत. एवढ्या माणसांत मी उजवा हात पुढे केला. कडवं मिनिटाहून थोडं मोठं होतं आणि मी ते ऐकत होतो. घरी इतक्या वेळा ऐकलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष उचकीकडे असायचं. मांडवात, अंतरपाटामागे उभी असलेली ती मुलगी समोर असताना, ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. माया घराची कधी. मूठ मिटून मी तसाच उभा होतो.

"जाताना वळुनी ज... ज... ज... ज..."

बँडवाल्याने क्लॅरिनेट ओठाला लावून पुन्हा खाली घेतली. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि माइककडे हात नेला. मी दचकून माउसवर झडप घातली, मुठीतल्या अक्षता सगळ्या कीबोर्डवर सांडल्या आणि त्या गडबडीत डावा हात सुटून पिनच निघाली. आता 'ज'सुद्धा नव्हता.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. एप्रिलच्या त्या दुपारी पाहिलं होतं, अगदी तसं. मी मागे सरकलो तर अक्कांच्या पायावर पाय पडला.

आणि नानांनी ती ओळ उचलली. माइक नाही, काही नाही. फेटा थरथरत होता, डोळे माझ्यावर रोखलेले, आणि आवाज मांडवाच्या मागच्या कनातीपर्यंत पोचेल असा.

"जाताना वळुनी जरा बघ मला..."

साडेतीनशे माणसांसमोर नाना लेखा शाखेतल्या एका कारकुनावर डोळे वटारून त्याला जाताना वळून बघायला सांगत होते. पहिल्या रांगेत थोरली फिस्सकन हसली. ते ऐकून धाकटीलाही हसू आलं आणि ती हातातल्या हारासकट मागे वळली. तिने वडिलांकडे पाहिलं.

तेव्हा नानांची नजर माझ्यावरून तिच्यावर गेली. मला वाटलं, आता संपलं. पण आवाजाला लागलेला राग अजून उतरला नव्हता, आणि उरलेली सात अक्षरं त्या रागावरच पार पडली. कुर्यात् सदा मंगलम्. शेवटचं अक्षर त्यांनी पुरतं लांबवलं. मग सावधान, अक्षता, बँड. आणि नाना खाली बसून दोन्ही हातांत तोंड धरून रडू लागले. थोरली त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. ती काय म्हणाली ते बँडमुळे मला ऐकू आलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

मी कीबोर्डच्या फटींतून तांदूळ वेचत होतो. माझ्या अक्षता अजून कोणाच्या डोक्यावर पडल्याच नव्हत्या.

पंगतीला बसलो तेव्हा नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोळे लाल, पण स्वर कामाचा.

"सव्वा रुप्या काढ."

मी कसला म्हणून विचारलं.

"ठरनं काय व्हतं? यंत्र गाई. मग गाणं कोन म्हनं? मीच ना? मन्ही बिदागी."

मी म्हणालो, नाना, तुमच्याच मुलीचं लग्न आहे. त्यावर ते म्हणाले की फुकट म्हटलेलं मंगलाष्टक लागू होत नाही, आणि घरचा माणूस घरच्याकडून घेणार कसा? देणारा बाहेरचाच हवा, आणि मोडलंय ते तुझंच. यातला हिशेब मला चुकीचा वाटला नाही. खिशात रुपया होता. चार आणे नव्हते. माझ्याजवळ सुट्टे नाहीत असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं. बायकोने पर्सच्या कोपऱ्यातून पावली काढून दिली आणि म्हणाली, "बघा नाना, दूध आणि पाणी धरलं तर आमच्याकडून जास्तच आलंय."

नाना ती नाणी घेऊन तसेच मांडवात गेले. धाकटी नवऱ्याच्या शेजारी बसली होती. त्यांनी ती तिच्या हातावर ठेवली आणि नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पण त्यावेळी त्यांचा राग संपला होता, म्हणून वाक्य काही बाहेर आलं नाही. धाकटीने मूठ मिटली, वडिलांचा हात धरून ठेवला आणि लांबूनच माझ्याकडे पाहून म्हणाली, "हूं."

एकूण दिले सव्वा रुपया. रुपया माझा, पावली बायकोची. दिले नानांना, पोचले तिला.